खालच्या धुऱ्यावरचे खेकडे

अजी, यंदा धुऱ्याला भोक पडलं नाही.

ही बातमी तुम्हाला आधी सांगावी म्हणून लिहायला बसले. घरात सगळे म्हणतात, आजी, आजोबांवर लिही, त्यांच्या कष्टांचं लिही, स्वभावाचं लिही. ते सगळं तेरवीच्या दिवशी माइकवर बोलून झालं. ज्यांनी जन्मात तुम्हाला बसायला खाट टाकली नाही, तेही ‘देवमाणूस, देवमाणूस’ म्हणून गेले. पानात बुंदी पडेपर्यंत तुम्ही देवमाणूस होता, नंतर बोलणं मतदारयादीवर गेलं. मी आतल्या दाराशी बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, देवमाणूस तर ठीक आहे, पण खेकड्यांचं काय?

तुम्ही असता तर कानामागची विडी काढली असती आणि माझ्याकडे न पाहता म्हटलं असतं, “झालं तुहं सुरू.”

हो, झालं सुरू. आता उठून गोठ्यात निघून जायची सोय नाही तुम्हाला. ऐकावं लागेल. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मी माझा खटला पहिल्यापासून मांडते, म्हणजे मध्येच “असं नव्हतं” म्हणायला जागा उरणार नाही.

आपली बोडी, पावसाचं पाणी साठवायचं लहानसं तळं, वर. तिच्याखाली आपली धानाची बांधी. आपल्या बांधीखाली सगुणाची. मध्ये मातीचा धुरा, कमरेला लागेल इतका उंच. पावसाने पाठ फिरवली की आपण बोडी उघडायचो, पाणी आपल्या धानातून उतरत उतरत धुऱ्याशी येऊन थांबायचं. धुऱ्यापलीकडे सगुणाचा धान आ करून उभा. तिला ना बोडी, ना विहीर. आणि नेमक्या त्याच दिवसांत, धान पोटरीत आला की, आपल्या धुऱ्याला भोक पडायचं. मुठीएवढं. वरून काही दिसायचं नाही, खालच्या अंगाने झुळझुळ पाणी तिच्या बांधीत. तुम्ही सावकाश फावडं घेऊन जायचे, तिची बांधी भिजून झाल्यावरच भोक बुजवायचे आणि घरी येऊन पाय धुता धुता सांगायचे, “खेकड्यानं पोखरला वं धुरा.”

ज्या साली पाऊस भरपूर, त्या साली खेकडे कुठे जायचे कोण जाणे. धुरा ठणठणीत. कोरडं साल आलं की खेकडे हजर. दुसऱ्या कोणाच्या धुऱ्यावर मी इतके हवामान जाणणारे खेकडे पाहिले नाहीत.

तुमच्या-माझ्या लग्नाआधीची शपथ नसती तर मी कदाचित गप्प बसले असते. त्या धुऱ्यावर तेव्हा एक मोहाचं झाड होतं. बुंधा आपल्याकडे, फांद्या त्यांच्याकडे. चैतात फुलं गळायची ती निम्मी त्यांच्या बांधीत. माझा सासरा म्हणे, झाड माझं तर फुलं माझी. सगुणाचा सासरा म्हणे, माझ्या मातीवर पडलं ते माझं. एका सकाळी फुलं वेचता वेचता दोघांनी एकमेकांना टोपल्या फेकून मारल्या. मग दोघेही नागऱ्याच्या महादेवासमोर उभे राहिले. आपल्याकडून शपथ झाली, “आमच्या हातानं तुमच्या बांधीत एक थेंब सोडणार नाही.” त्यांच्याकडून झाली, “आमी मागणार नाही.” पुढे झाड वादळात पडलं, दोघे बुढे गेले, मोहाचं एक फूल उरलं नाही, शपथ तेवढी उरली. माझी सासू ती शपथ देव्हाऱ्यातल्या देवासारखी रोज पुसून ठेवायची. “त्यांच्या घराकडे पाहाचंही नाही,” हे मला तिने चूल दाखवायच्या आधी दाखवलं.

न पाहून कसं चालेल? सगुणा आणि मी एकाच उन्हाळ्यात या गावात सुना म्हणून आलो. ती उंच, सरळ. डोक्यावर धानाच्या रोपांचं, पऱ्ह्यांचं ओझं घेऊन धुऱ्यावरून चालायची तर ओझं हलायचं नाही. मी चालायची तर धुरा हलायचा. तिचा नवरा दंडारीत नाचायचा. बाईचं सोंग घेऊन उभा राहिला तर खऱ्या बाया पदर तोंडाला लावून पाहायच्या, पण नांगर धर म्हटलं की त्याचं पोट दुखायचं. म्हणून सगुणाचं शेत सगुणाच करायची. आणि माझा नवरा साऱ्या गावात कष्टाळू. दुसऱ्याची अडलेली गाडीही खांदा लावून काढणारा. आता तुम्हीच सांगा, नव्या नवरीला संशय घ्यायला आणखी काय लागतं?

मी स्वतःला तेव्हा फार चतुर समजत होते. माहेरी सातवी पास झालेली मी एकटीच, त्यामुळे डोक्यात हवा. पहिलं काम मी हे केलं की कालवणाची मागणी केली. “अजी, इतके खेकडे आहेत तं एखादा घरी तं आणा.” तुम्ही दुसऱ्या दिवशी दोन आणले. मी उलटेपालटे करून पाहिले. काळे कुळकुळीत.

“हे नाल्यातले होत,” मी म्हटलं. “बांधीतला खेकडा मातकट रायते.”

“खेकड्याच्या पाठीवर का गाव लिहून रायते?” असं म्हणून तुम्ही रस्सा ओरपला. मीही ओरपला. चवीबद्दल माझी तक्रार नव्हती.

मग मी पाळत ठेवायची ठरवलं. धुऱ्यावर तूर लावलेली असायची, तिच्या धांड्यांत दुपारी जाऊन बसले. हिरवं लुगडं मुद्दाम नेसले, म्हणजे दिसणार नाही. हिरव्या लुगड्याला लाल काठ आहेत हे मला घरी परत आल्यावर आठवलं. तुरीत मुंगळे असतात हेही तिथे बसल्यावर आठवलं. मी दात आवळून बसले. तुम्ही खांद्यावर फावडं टाकून आले. सगुणा पलीकडे निंदत होती, तिने मान वर केली नाही, तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, बघा, किती सराईत आहेत. तुम्ही माझ्या तुरीसमोर थांबले, विडी पेटवली आणि तुरीलाच म्हटल्यासारखं म्हटलं, “घरी हळद आहे ना वं? मुंगळ्याचं चावणं लय आग करते.” आणि निघून गेले.

त्या दिवशी भोक पडलं नाही. माझ्या मांड्या सुजल्या म्हणून मी घरी राहिले, त्या दिवशी पडलं.

पुढच्या कोरड्या सालात मी आणखी एक पायरी चढले. भोक पडल्याचं कळताच धावत गेले, धुऱ्यावर पालथी पडले आणि भोकात कोपरापर्यंत हात घातला. खेकडा आहे की नाही याचा एकदाचा निकाल लागू दे. निकाल लागला. खेकडा होता. माझी करंगळी त्याने अशी धरली की मी दवनीवाड्यापर्यंत ऐकू जाईल अशी बोंब मारली. सगुणा तिच्या बांधीत ताडकन उभी राहिली. माझं डोकं खाली, बूड आभाळाला, हात चिखलात. तुम्ही पळत आले, खेकडा सोडवला आणि चेहऱ्यावरची माशी हलू न देता म्हणाले, “पाह्यला? म्हटलं होतं ना, खेकडे होत म्हणून.”

दुसरी कोणी असती तर तिथेच हरली असती. मी बोटाला फडकं बांधता बांधता ठरवून टाकलं, हा खेकडा तुम्हीच तिथे आणून ठेवला.

हसू नका. मी आजही तेच म्हणते.

आणि ती भाजी. पुसाच्या महिन्यात, लाखोळी कोवळी असते तेव्हा, एका सकाळी मागचं दार उघडलं तर उंबऱ्याशी गाठोडं. जुन्या पातळाच्या धडप्यात खुडलेले लाखोळीचे शेंडे, हिरवेगार, अजून दवाने ओले. नाव नाही, निरोप नाही, गाठ मात्र घट्ट. आमच्या सातवी पास डोक्याने लगेच ओळखलं, ही करणी. तीही सगुणाचीच, कारण त्या धडप्याचं पातळ मी तिच्या अंगावर पाहिलं होतं. मी ते गाठोडं काठीने ढकलत गोठ्यात नेलं आणि म्हशीसमोर टाकलं. सासूला सांगितलं नाही, तिने म्हशीलाही खाऊ दिली नसती. मग दिवसभर म्हशीकडे पाहत बसले, आता पडते की मग पडते. म्हैस पडली नाही. उलट दुधाला चढली. दर पुसात गाठोडं यायचं, दर पुसात म्हैस खायची. तुम्ही एकदा गोठ्याच्या दाराशी उभे होते. पुढे आले, म्हशीच्या तोंडापुढची मूठभर भाजी उचलली आणि कच्चीच चावत बाहेर गेले. मी मागून ओरडले, “मराल ना!”

“म्हैस मेली का?” तुम्ही म्हणाले.

तेव्हाही मला वाटलं, बघा, तिच्या हातची म्हणून खाल्ली.

अशी तुमची बायको. सासू गेली, पोरं मोठी झाली, माझे केस पांढरे झाले, पण खटला चालू. आणि तुम्ही? तुमचं उत्तर एकच, काम. बसलेले तुम्ही मला आठवत नाही. बोडीचा गाळ आपण दोघांनी उन्हाळ्यात काढला, तुम्ही खोदायचे, मी टोपली वाहायची, आणि दुपारी सावलीत टेकायचे तर तुम्ही टेकल्या टेकल्या टोपलीची तुटलेली कड विणायचे. ट्रॅक्टर आला तरी कोपऱ्यातली ढेकळं हाताने फोडायचे, म्हणायचे, “कोपरा ट्रॅक्टरले दिसत नाही.” रोवणीत दिवसभर पाण्यात उभं राहून माझ्या पायांच्या बोटांना चिखल्या व्हायच्या. संध्याकाळी खाटेखाली वाटीत करंजाचं कोमट तेल ठेवलेलं असायचं. कोणी ठेवलं हे कोणी सांगायचं नाही. मी पायाला तेल लावता लावता विचार करायची, हा माणूस इतका चांगला काऊन वागून राहिला? काहीतरी लपवायचं असेल. आता वाटतं, तेल तरी संशय न घेता लावायला हवं होतं. पायांना आराम तेवढाच पडला असता, म्हणा.

शेवटी तुम्ही खाटेला लागले. श्रावणभर पाऊस होता, खिडकीतून आपली बांधी हिरवी दिसायची. तुमचा आवाज आत गेलेला. त्या सकाळी मी पेज भरवत होते, तुम्ही चमचा हाताने बाजूला केला.

“धुरा पाहत जाजो वं,” तुम्ही म्हणाले.

“कोणता धुरा?” मी विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

“खालचा.”

एवढंच. मला म्हणाले नाहीत, तुझं कसं होईल. बालूला म्हणाले नाहीत, मायले सांभाळजो. माणसं जाताना देवाचं नाव घेतात, बायकोचं घेतात. तुम्ही धुऱ्याचं घेतलं. मी चमचा वाटीत ठेवला आणि मनात म्हटलं, धुरा पाहू की धुऱ्यापलीकडचं कोणी पाहू? दोन दिवसांनी तुम्ही गेले. मला भांडायलाही वेळ दिला नाही.

तुम्ही गेले आणि पाऊसही गेला. तेरवी आटोपली तरी आभाळात कापसाचे ढग. बालूने बोडी उघडली. बापाच्या माघारी शेत नीट करायचं त्याने मनावर घेतलं होतं, म्हणून आधीच जेसीबी बोलावून खालचा धुरा चांगला चोपून, रुंद करून घेतला. “आता खेकड्याच्या बापालेही पोखरता येणार नाही,” तो जेवताना म्हणाला. माझा घास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत शेतावर गेले. धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. भोक नाही. आपल्या बांधीत पाणी पोटरीपर्यंत, पलीकडे सगुणाच्या बांधीत भेगा. तिचा धान निसवायला आलेला, लोंब्या अर्ध्या बाहेर, पानांचे शेंडे पिवळे. या दिवसांत पाणी चुकलं की लोंबीत दाणा भरत नाही, नुसतं फोल राहतं, हे काय तुम्हाला सांगायचं? कोरडं साल, धान लोंबीला आलेला, आणि खेकडा एकही नाही. तुमच्या पाठोपाठ सगळे खेकडे मेले की काय?

पकडलं! मी काठी आपटून मोठ्याने म्हटलं. पकडलं तुम्हाला! इतक्या वर्षांनी माझा खटला मी जिंकले, साक्षीपुराव्यासह. आणि वळून पाहिलं तर सांगायला कोणी नाही. तूर तेवढी उभी. मी त्या तुरीच्या सावलीत मटकन बसले. तुमच्यावर इतका राग मला तुम्ही जिवंत असताना कधी आला नव्हता.

पलीकडे सगुणा होती. आता तीही वाकली आहे. पायलीभर ओझंही तिच्या डोक्यावर ठरणार नाही. ती वाळत्या धानातलं गवत उपटत होती. मेलेल्याचे पाय चेपावे तसं. मला पाहून ती धुऱ्याजवळ आली, पदर नीट केला.

“यंदा तुमी आल्या नाही, बालूची माय.”

एका उन्हाळ्यात गावात आलेल्या आम्ही दोघी, आणि हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

“कुठी?”

“इथं. धुऱ्यावर. मी समजली म्हणा, घरात दुःख झालं, मन लागत नसन.”

“धुऱ्यावर येऊन म्या काय करू?”

ती हसली. समोरचे दात नाहीत तिचे. “आता कोणाले लपवून राहिल्या? तुमची सासू गेली, बुढा गेला. मले का मालूम नाही? म्या डोळ्यानं पाह्यलं होतं. तुमी पालथ्या पडून हातानं भोक पाडून राहिल्या होत्या. तेवढ्यात तुमचा बुढा आला, तं तुमी खेकडा चावल्याचं काय सोंग केलं, माय वं! म्हटलं, लय हुशार बाई आहे.”

मला जन्मात कोणी हुशार बाई म्हटलं नव्हतं. म्हटलं ते अशा गोष्टीसाठी.

“म्या कोणाजवळ बोलली नाही,” ती सांगत राहिली. “तुमच्या सासूच्या कानावर गेलं असतं तं तुमाले घरात ठेवलं नसतं. आमाले मागाची मनाई, तुमाले द्याची मनाई. बोलाव तं कसं? म्हणून भाजी ठेवत होती मागच्या दारी. पोचली ना दरसाली?”

“पोचली.”

“तुमच्या सासूनं तं नाही फेकली?”

“सासूनं नाही फेकली,” मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

“आवडे?”

“म्हैस वाट पाहत राहे,” मी म्हटलं, आणि आभाळाकडे पाहिलं.

अजी, तुम्हाला हे ठाऊक होतं. आता नाही म्हणू नका. तुम्ही ती कच्ची भाजी चावत गोठ्याबाहेर गेले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की बाईने ती माझ्यासाठी ठेवली आहे. तुम्ही भोक पाडायचे, आभार मला यायचे, मी ते म्हशीला घालायची, आणि तुम्ही विडी ओढत ही सगळी मजा पाहायचे. मला सगळे चेष्टेखोर म्हणतात. खरा चेष्टेखोर कोण होता या घरात, ते कोणी माइकवर बोललं नाही.

मी सगुणाच्या बांधीकडे पाहिलं. तिने पाणी मागितलं नव्हतं. ती मागणारही नव्हती. पुन्हा गवताकडे वळली होती. आजचा, फार तर उद्याचा दिवस, मग त्या लोंब्यांना पाणी दिलं काय आणि न दिलं काय.

“सगुणा, कुदळ आहे का तुह्याजवळ?”

“कायले?”

“आण म्हटलं तं.”

तिने धुऱ्यावर कुदळ ठेवली आणि मागे सरकली. मी कुदळ घेतली. जेसीबीने चोपलेली माती, आणि माझे हे हात. पहिला घाव पडला तेव्हा माती नाही, माझंच मनगट फुटलं असं वाटलं. ती दुरून म्हणाली, “असं नका करू, बालूची माय. दिवसा उजेडी. भोक पाडा बारीकसं, जसं पाडत होत्या तसं.”

“भोक नाही पाडत,” मी म्हटलं. “फोडतो.”

“शपथ आहे ना.”

“माह्या सासऱ्याची आहे. त्याले म्या वर जाऊन जबाब देतो, आता काही लय दिवस नाही राहिले. तू मागितलं का?”

“नाही.”

“मग तुही शपथ साबूत आहे. तिकडं उभी राह्य आणि पाणी कुठी जाते ते पाह्य.”

थांबत थांबत, दम खात मी धुऱ्याला चांगली हातभर खांडोळी पाडली. पाणी आधी घाबरल्यासारखं थोडं आलं, मग माती लोटत आलं. सगुणाच्या भेगांनी ते कसं प्यायलं ते तुम्ही इतकी वर्षं पाहत आलात. मी पहिल्यांदा पाहिलं. आवाज येतो, अजी. कोरड्या मातीत पाणी शिरताना बारीक चुरचुर आवाज येतो. हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही.

संध्याकाळी बालू तणतणत घरी आला. “माय, खालचा धुरा कोणं फोडला?”

“म्या.”

सून चुलीशी होती, तिचा हात थांबला. बालू चपला न काढताच आत आला. “तू? आज्यानं शपथ घेतली होती ना? आणि आपल्या धानाले पुरन का पाणी? बोडी अर्धी झाली!”

“तुह्या बापानं अर्ध्या बोडीतच तुले मोठं केलं. कोरड्या साली दोन्ही बांध्या पिकवल्या. तुले कधी उपाशी झोपवलं का?”

“बाबूजीनं?” तो माझ्याकडे पाहत राहिला. “बाबूजी तं म्हणत, खेकडे...”

“हो ना. बस. जेव.”

तो चपला काढून पानावर बसला. जेवताना मध्येच थांबला, म्हणाला, “उद्या फावडं घेऊन येतो मी संगं. तू खांडोळी वाकडी पाडली, धुरा ढासळन.” एवढं मात्र तुमच्यासारखंच बोलला.

तर आता माझं म्हणणं ऐका. सगुणाचं काही होतं की नव्हतं, ते मी बाजूला ठेवते. बाजूलाच ठेवते, सोडून देत नाही. पण मला का नाही सांगितलं? बायकोला चोरून नवरे दारू पितात, पत्ते खेळतात. तुम्ही चोरून धर्म केला. तुमच्या आईपुढे बोलणं कठीण होतं, मान्य. ती गेल्यावर? तेव्हा कोणाची भीती होती? माझी? एकदा म्हणून पाहायचं होतं, “त्यांचा धान वाळून राहिला, पाणी सोडू का वं?” मी हो म्हटलं असतं असं मी म्हणत नाही. मी नाहीच म्हटलं असतं. पाय आपटले असते, माहेरी जाते म्हटलं असतं, दोन दिवस भात करपवला असता. आणि तिसऱ्या दिवशी कुदळ घेऊन तुमच्या आधी धुऱ्यावर पोचले असते, सगुणाकडे नीट पाहता येईल म्हणून का होईना. तुम्ही मला त्या तिसऱ्या दिवसापर्यंत येऊच दिलं नाही. माझ्यापेक्षा तुम्हाला खेकड्यांचा भरवसा जास्त.

हे मला तुमच्याशी भांडायचं होतं. या एका भांडणासाठी मी तुम्हाला परत बोलावलं असतं. बाकी, तुम्ही गुडघ्यांच्या दुखण्यातून सुटले, बरंच झालं.

एक शेवटचं राहिलं.

परवा सगुणा घरी आली. पुढच्या दाराने, अख्ख्या गल्लीदेखत. तेरवीला आली नव्हती ती, शपथेचं घर म्हणून. बालूनेच तिला खाट टाकली. ती खाटेवर बसली नाही, भिंतीशी खाली बसली, तुमच्या फोटोसमोर. फोटोत तुम्ही सुनेने घालायला लावलेल्या कोटात अवघडून बसला आहात. ती म्हणाली, “धान सावरला, बालूची माय. लोंबी भरून राहिली. तुमचे उपकार कसे फेडू?”

आता हे आभार मी किती दिवस फुकटचे घेणार होते? एकदा घेतले, गोड लागले. यंदाची खांडोळी माझी, ते माझं मी ठेवीन. मागचं सगळं तुमचं. दुसऱ्याच्या हातचं आपल्या नावावर खपवायची सवय मला नाही, आणि तुम्ही वरून विडी ओढत हसणार हेही सहन होईना.

“ते मी नव्हती, सगुणा,” मी म्हटलं. “मी खेकडा शोधून राहिली होती. भोक बुढा पाडत होता.”

तिला कळायला वेळ लागला. “बुढा?”

“हो.”

“दरसाली?”

“कोरडं साल असलं की.”

तिने फोटोकडे पाहिलं. मग पदर तोंडाशी नेला आणि रडायला लागली. साधं डोळे पुसण्याचं रडणं नाही. खांदे हलत होते, श्वास अडकत होता, सून आतून धावत पाणी घेऊन आली. तेरवीला आपल्या पोरी रडल्या त्याहून जास्त. मी चहा ठेवला, साखर मुठीने टाकली, आणि चहा उकळेपर्यंत चुलीपासून वळून वळून तिच्याकडे पाहत राहिले. बांधीला पाणी दिलं म्हणून बाई इतकी रडते, अजी? मला खरं सांगा. पाण्यासाठी इतकं?

चहा झाला. दोन कप भरले, एक तिच्यापुढे ठेवला. ती काही थांबेना. मग मीही खाली बसले, तिच्या अगदी लगत, खांद्याला खांदा लावून. जवळून नीट दिसावं म्हणून.